शेरीफचं ऑफिस: अमेरिकेतल्या मराठी घरासाठी पायरीपायरीने माहिती

व्हर्जिनियातल्या ॲशबर्नहून रेस्टनला जेवायला निघालात तर वाटेत काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) बदलते आणि काउंटीबरोबर पोलीसही बदलतात. ॲशबर्न लाउडन काउंटीत येतं. तिथे गस्त, चोरीचा तपास, अपघाताचा पंचनामा, शाळेतला बंदोबस्त हे सगळं शेरीफचं ऑफिस बघतं. रेस्टन फेअरफॅक्स काउंटीत आहे. तिथे हीच कामं काउंटी पोलीस करतात आणि शेरीफकडे मुख्यतः तुरुंग, कोर्टाची सुरक्षा आणि कोर्टाचे कागद बजावणं एवढंच उरतं. दोन शेजारी काउंट्या, एकच राज्य, तरी कारभार वेगळा.

मंडळाच्या कामामुळे नव्याने आलेल्या कुटुंबांचे फोन मला येतात. गाडी थांबवली, दाराला कागद चिकटवला, शेजाऱ्याने पोलीस बोलावले, आता काय करायचं? "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय आणि पोलिसांच्या बाबतीतही तेच धरून चालतो. अमेरिकेत हा सल्ला महागात पडतो. इथे नोटीस न उघडता कपाटात ठेवली तर निकाल तुमच्याविरुद्ध लागतो, आणि मदत मागायला उशीर केला तर नुकसान आपलंच होतं. शेरीफच्या ऑफिसची ओळख प्रसंग येण्याआधी करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठीच हा लेख. उदाहरणं मुख्यतः लाउडनची आणि व्हर्जिनियाच्या कायद्याची आहेत. दुसऱ्या राज्यात तपशील बदलतील, क्रम साधारण हाच राहील. प्रत्यक्ष खटला असेल तर वकील गाठायलाच हवा.

आधी तुमचा शेरीफ कोण ते शोधा

अमेरिकेत सुमारे ३,००० शेरीफ आहेत आणि जवळपास सगळे मतदारांनी निवडून दिलेले. बहुतेक राज्यांत मुदत ४ वर्षांची, न्यू जर्सीत ३ आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ६ वर्षांची. पोलीस प्रमुखाला शहर नेमतं आणि शहर काढू शकतं. शेरीफला मात्र मतदारांपुढे जावं लागतं. त्याच्या हाताखाली काम करतात ते डेप्युटी. मुंबईच्या शेरीफपदाशी याची गल्लत नको. डॉ. भाऊ दाजी लाड किंवा दिलीप कुमार ज्या पदावर होते ते मानाचं पद. इथल्या शेरीफकडे बंदूक, तुरुंग आणि काउंटीच्या तिजोरीतून येणारं बजेट असतं.

तुमच्या पत्त्यावर कोण येणार, हे पत्त्यातल्या गावाच्या नावावरून कळेलच असं नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजे आणि फ्रीमॉन्टला स्वतःचं पोलीस खातं आहे. पण कुपर्टिनो आणि सॅराटोगा सँटा क्लॅरा काउंटीच्या शेरीफकडून करारावर सेवा घेतात, आणि डब्लिन अलामीडा काउंटीच्या शेरीफकडून. लॉस एंजेलिस काउंटीत तर चाळीसहून जास्त शहरं असा करार करून आहेत. न्यू जर्सीत एडिसनसारख्या गावांचे पोलीस स्वतंत्र असतात. तिथे शेरीफशी संबंध येतो तो कोर्टात, किंवा बँकेने जप्त केलेल्या घराच्या लिलावात. टेक्सासमध्ये शेरीफच्या जोडीला कॉन्स्टेबल हे आणखी एक निवडून आलेलं पद असतं.

म्हणून घर भाड्याने घेतलं की पहिल्याच आठवड्यात काउंटीच्या वेबसाइटवर पत्ता टाकून तीन गोष्टी लिहून घ्या: गस्त कोणाची, जवळचं ठाणं कुठलं, आणि तातडी नसताना फिरवायचा नंबर कोणता. लाउडनमध्येही लीसबर्गसारख्या गावाला स्वतःचे पोलीस आहेत, तेव्हा "काउंटी लाउडन म्हणजे शेरीफच" असं गृहीत धरू नका.

कोणता नंबर कधी

९११ हा नंबर १९६८ साली अलाबामातल्या हेलीव्हिल गावातून पहिल्यांदा फिरवला गेला. आज तो देशभर चालतो. जीव धोक्यात असेल, गुन्हा आत्ता घडत असेल, आग लागली असेल किंवा कोणी बेशुद्ध पडलं असेल तर दुसरा विचार न करता ९११. सगळ्यात आधी पत्ता सांगा, कारण मोबाइलवरून जागा अंदाजे कळते आणि फोन मध्येच तुटू शकतो. मग काय घडलं ते एका वाक्यात सांगा. समोरची व्यक्ती प्रश्न विचारत राहते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ही वेळ का घालवतेय? ती वेळ घालवत नसते. तुम्ही बोलत असतानाच गाडी निघालेली असते. आई-बाबांना इंग्रजी जमत नसेल तर त्यांना दोन शब्द पाठ करून द्या: "मराठी, इंटरप्रिटर." दुभाषा फोनवर जोडून घेण्याची सोय असते. मराठीचा मिळायला वेळ लागला तर हिंदीचा मागायचा.

चुकून ९११ लागला तर फोन ठेवून देऊ नका. भारतात फोन करताना बाहेरचा ०११ आणि देशाचा ९१ फिरवण्याच्या नादात हे हमखास होतं. "चुकून लागला, सगळं ठीक आहे" एवढं सांगा. न बोलता ठेवला तर डेप्युटी दारात येऊ शकतो.

रात्री कोणीतरी गाडीची काच फोडून गेलं, शेजारचा कुत्रा तासन्‌तास भुंकतोय, पाकीट हरवलं, यासाठी बिगर-तातडीचा नंबर. आणि कोणी आत्महत्येचं बोलत असेल तर ९८८. तो जुलै २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे पोलीस नव्हे, समुपदेशक बोलतात. परिस्थिती हातातून जात असेल आणि ९११ करावाच लागला तर सांगा, "मानसिक आजाराचा प्रसंग आहे, सीआयटी प्रशिक्षण घेतलेला डेप्युटी पाठवा." मेम्फिसमध्ये १९८८ साली सुरू झालेलं, मानसिक संकटातल्या माणसाला हाताळण्याचं हे प्रशिक्षण आता बऱ्याच शेरीफ ऑफिसांत दिलं जातं. घरात शस्त्र आहे की नाही, हेही त्याच फोनवर सांगून टाका. येणाऱ्या माणसाच्या मनातली भीती त्याने अर्धी होते.

गाडी थांबवली तर

आरशात निळे दिवे दिसले की आपला हात आपोआप दाराकडे जातो. भारतात आपण उतरून साहेबांकडे जातो, नम्रपणे बोलतो. इथे उतरू नका. गाडी थांबवण्याचा प्रसंग डेप्युटीसाठीही धोक्याचा असतो. टेक्सासच्या हॅरिस काउंटीचे डेप्युटी संदीप सिंग धालीवाल, पगडी घालून काम करण्याची परवानगी मिळालेले तिथले पहिले शीख डेप्युटी, सप्टेंबर २०१९ मध्ये असाच एक वाहनचालक थांबवताना मारले गेले. समोरचा माणूस तुमच्या हातांकडे का बघत असतो, ते यावरून समजून घ्या.

तर क्रम असा. इंडिकेटर द्या, उजवीकडे सुरक्षित जागी गाडी घ्या, इंजिन बंद करा. रात्र असेल तर आतला दिवा लावा. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागे बसलेल्यांनीही हात दिसतील असे ठेवायचे आणि मोबाइल शोधायला पर्समध्ये हात घालायचा नाही. डेप्युटी अनेकदा उजव्या बाजूच्या खिडकीशी येतो, दचकू नका. लायसन्स मागितलं की आधी सांगा, "पाकीट मागच्या खिशात आहे, काढतो," आणि मग काढा. रजिस्ट्रेशन डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल तर तेही आधी बोला, मग उघडा.

"तुम्हाला का थांबवलं माहीत आहे का?" या प्रश्नावर अंदाज बांधायची गरज नाही. "नाही, सांगाल का?" इतकं पुरे. गाडीची झडती घेऊ का, असं विचारलं आणि तुमची इच्छा नसेल, तर शांतपणे "आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च" म्हणा. मात्र झडती सुरू झालीच तर अडवू नका. जे म्हणायचं ते कोर्टात म्हणायचं. पैसे देऊ करण्याचा विचारसुद्धा नको. भारतात "काही करता येईल का साहेब" हे सहज बोललं जातं. इथे लाच देऊ करणं हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे. समन्सवर सही मागितली तर करा. ती सही कबुलीजबाब नाही, कोर्टात हजर राहण्याचं वचन आहे. सही नाकारली तर काही राज्यांत अटक होऊ शकते.

व्हर्जिनियात नव्याने आलेल्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. इथे मर्यादेपेक्षा ताशी २० मैल किंवा त्याहून जास्त वेग, किंवा कुठल्याही रस्त्यावर ८५ च्या वर वेग, म्हणजे रेकलेस ड्रायव्हिंग. हा साधा दंड नाही. हा पहिल्या वर्गाचा फौजदारी गुन्हा आहे: १२ महिन्यांपर्यंत तुरुंग आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड. ५५ च्या रस्त्यावर ७५ ने गेलात की यात आलात. ऑनलाइन पैसे भरून हा सुटत नाही, कोर्टात जावंच लागतं. बाकी राज्यांतून आलेला माणूस "तिकीटच तर आहे" म्हणून सोडून देतो आणि पुढे व्हिसाच्या अर्जावर "तुम्हाला कधी दोषी ठरवलं आहे का" या प्रश्नापाशी अडकतो. दारू पिऊन गाडी चालवल्याची अटक तर त्याहून वाईट. दोषी ठरण्याआधी, निव्वळ अटकेवरून परराष्ट्र खात्याने पासपोर्टवरचा व्हिसा रद्द केल्याची प्रकरणं २०१५ नंतर सतत होत आली आहेत. म्हणजे भारतात गेलात की परत यायला नवा व्हिसा आणि नवी मुलाखत. एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाने टॅक्सीला पैसे घालवलेले परवडतात.

दाराला चिकटवलेला कागद

संध्याकाळी घरी आलात आणि दारावर टेपने चिकटवलेला कागद दिसला. वर "कॉमनवेल्थ ऑफ व्हर्जिनिया", जनरल डिस्ट्रिक्ट कोर्ट, आणि ठळक अक्षरात "वॉरंट इन डेट". वॉरंट हा शब्द वाचून घरात रडारड होते, कारण आपल्याकडे वॉरंट म्हणजे अटक. हा अटकेचा कागद नाही. कोणीतरी तुमच्याकडून पैसे येणं आहे असा दिवाणी दावा लावला आहे, इतकाच याचा अर्थ. जुन्या अपार्टमेंटचं भाडं, हॉस्पिटलचं बिल, क्रेडिट कार्ड, बहुतेक वेळा यातलंच काहीतरी.

कागदावर शोधायचं ते रिटर्न डेट. त्या तारखेला, त्या वेळेला, त्या कोर्टरूममध्ये हजर राहायचं आणि दावा मान्य नाही असं सांगायचं. नाही गेलात तर न्यायाधीश समोरच्याच्या बाजूने निकाल देतात आणि पुढे पगारातून पैसे कापण्याचा आदेश येऊ शकतो. खटला खरा आहे का, हे व्हर्जिनिया कोर्टांच्या वेबसाइटवर स्वतःच्या नावाने फुकट शोधता येतं.

कागद आणणाऱ्या डेप्युटीशी वाद घालू नका. त्याला खटल्यातलं काही माहीत नसतं, तो फक्त बजावणी करतो. घ्यायला नकार दिल्यानेही काही टळत नाही. घरात कोणी नसेल तर व्हर्जिनियात दाराला चिकटवून बजावणी पूर्ण होते, आणि घरातल्या १६ वर्षांवरच्या सदस्याच्या हातात समजावून दिला तरी होते. पाहुणे म्हणून काही महिन्यांसाठी आलेले आई-बाबा यात धरले जात नाहीत, पण त्यांनी कागद घेतलाच तर फोटो काढून लगेच पाठवायला सांगा. "काहीतरी जाहिरात होती" म्हणून रद्दीत गेलेले कागद मी पाहिले आहेत.

भाडेकरूंसाठी एक महत्त्वाची गोष्ट. घरमालक स्वतः येऊन कुलूप बदलू शकत नाही, सामान बाहेर काढू शकत नाही. कोर्टाचा निकाल, मग घर खाली करण्याचा आदेश, आणि मग शेरीफची किमान ७२ तासांची सूचना, या मार्गानेच व्हर्जिनियात घर रिकामं करून घेता येतं. त्याआधी मालकाने कुलूप बदललं तर बिगर-तातडीच्या नंबरवर फोन करा.

फोनवरचा खोटा शेरीफ

भारतात "डिजिटल अरेस्ट"च्या नावाखाली जे चालतं, त्याचा इथला भाऊ म्हणजे खोट्या डेप्युटीचा फोन. फोनवर नंबर शेरीफ ऑफिसचाच दिसतो. नाव खऱ्या डेप्युटीचं, हुद्दा बरोबर, मागे वायरलेसचा आवाज. "तुम्ही ज्युरी ड्यूटीला आला नाहीत, तुमच्या नावाने वॉरंट निघालं आहे, आज पैसे भरले नाहीत तर अटक." फोन ठेवू देत नाहीत, कोणाला सांगायचं नाही असं बजावतात, आणि मग गिफ्ट कार्ड, झेल (बँकेतून लगेच पैसे पाठवण्याची सोय) किंवा बिटकॉइनच्या मशिनकडे वळवतात.

यातली फट लगेच दिसेल: ज्युरीवर फक्त अमेरिकन नागरिकच बसू शकतो. तुम्ही एच-वनबीवर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर ही धमकी मुळातच खोटी. नागरिक असलात तरी शेरीफचं कुठलंही ऑफिस फोनवरून पैसे घेऊन वॉरंट मागे घेत नाही. फोन ठेवा. आलेल्या नंबरवर परत फिरवू नका. शेरीफ ऑफिसचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारा. पैसे गेलेच असतील तर पहिला फोन बँकेला, दुसरा शेरीफला, आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्रात ऑनलाइन तक्रार. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलात तर पैसे परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते. दुपारी घरी एकटे असणाऱ्या आई-बाबांसाठी फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: "पैसे मागणारा पोलीस खोटा. फोन ठेवा. आम्हाला कळवा."

घरात मारहाण होत असेल तर

हा भाग वाचताना अवघडल्यासारखं होईल, पण टाळू नका. ९११ ला फोन गेला, शेजाऱ्याने केला किंवा मुलाने केला, आणि आलेल्या डेप्युटीला मारहाण झाल्याचं सबळ कारण दिसलं, तर व्हर्जिनियात जो मुख्य हल्लेखोर वाटतो त्याला साधारणपणे अटक होतेच. "आमचं मिटलं, मला तक्रार करायची नाही" असं बायकोने सांगितल्याने ते थांबत नाही, कारण खटला चालवायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो. सोबत तातडीचा संरक्षण आदेश निघतो. तो साधारण ३ दिवसांचा असतो, आणि तेवढ्यात त्या व्यक्तीला घरी येता येत नाही, फोनही करता येत नाही. सासू-सासरे मध्ये पडून निरोप पोचवू लागले तर आदेशाचा भंग होऊ शकतो. हे मंडळींना स्पष्ट सांगावं लागतं.

मार खाणारी व्यक्ती एच-फोरवर, म्हणजे एच-वनबीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, असेल तर तिला पहिली भीती व्हिसाची असते. नवरा तीच भीती घालत असतो. तिला हे माहीत हवं: घरगुती हिंसाचारासारख्या गुन्ह्यात बळी पडून तपासाला मदत करणाऱ्या व्यक्तीसाठी यू व्हिसा आहे, आणि त्याच्या अर्जाला जोडायचं प्रमाणपत्र शेरीफचं ऑफिस देऊ शकतं. रांग लांब असते, प्रमाणपत्र मिळेलच असंही नाही, पण मार्ग आहे. संरक्षण आदेश बजावायला शेरीफ पीडितेकडून पैसे घेत नाही. ताबडतोब बोलायचं असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३. दक्षिण आशियाई कुटुंबांतल्या गोष्टी न समजावता समजणाऱ्या संस्थाही आहेत: न्यू जर्सीत १९८५ पासून मानवी, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात १९९१ पासून मैत्री.

कोणाला अटक झाली तर

लाउडनमध्ये अटक झालेल्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेतात. जामिनावर सोडायचं की नाही ते तिथे ठरतं. नाही सोडलं तर लीसबर्गचं काउंटी डिटेन्शन सेंटर. ते शेरीफच चालवतो. बहुतेक काउंट्यांत कैद्याची माहिती ऑनलाइन शोधता येते. शोधताना पासपोर्टवरचं स्पेलिंग वापरा, आणि सापडलं नाही तर नाव-आडनाव उलटं करून बघा.

तुरुंगातून येणारे फोन रेकॉर्ड होतात. "मराठीत बोललो तर कोणाला कळणार" या भरवशावर घटनेबद्दल बोलू नका, भाषांतर करून घेतात. फोनवर तब्येत विचारा, वकिलाचं नाव सांगा, बस. अटकेतल्या माणसाने नाव-पत्ता सांगावा आणि बाकी प्रश्नांना "वकिलाशी बोलल्यावर सांगेन" म्हणावं. खर्च झेपत नसेल तर कोर्ट वकील देतं, तो हक्क सुप्रीम कोर्टाच्या १९६३ च्या गिडियन निकालापासून पक्का आहे. आणि २०१० च्या पडिला निकालानुसार, गुन्हा कबूल केल्याने इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तरीही इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठाच. "हे कबूल करून टाका, छोटी गोष्ट आहे" असा तोडगा इथल्या नागरिकासाठी खरोखर छोटा असतो, आपल्यासाठी नसतो.

भारतीय दूतावासाला कळवायचं असेल तर ते मागावं लागतं. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने परदेशी कैद्याला तो हक्क दिला आहे. काही देशांच्या नागरिकांबद्दल तुरुंगाने आपणहून कळवणं बंधनकारक असतं, भारत त्या यादीत नाही. तेव्हा अटकेतल्या माणसाने स्वतः सांगायचं, "माझ्या दूतावासाला कळवा." शिवाय काही शेरीफांनी इमिग्रेशनची काही कामं आपल्या डेप्युटींनी करण्याचे करार केंद्रीय इमिग्रेशन खात्याबरोबर केलेले असतात, त्यांना कलमाच्या क्रमांकावरून २८७-जी म्हणतात. तुमच्या काउंटीचा शेरीफ यात आहे का, हे आधीच माहीत करून घ्या आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) ची प्रत जवळ बाळगा. १८ वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने नोंदणीचा कागद जवळ ठेवणं कायद्याने आवश्यकच आहे.

आई-बाबा इथे असताना

विसरभोळेपणाचा आजार असलेले वडील सकाळी फिरायला बाहेर पडतात आणि सारखीच दिसणारी घरं बघून गोंधळतात. शोधाशोध करत तास घालवू नका, ताबडतोब ९११ करा. वाट पाहावी लागते हा गैरसमज आहे. प्रोजेक्ट लाइफसेव्हर नावाची एक सोय व्हर्जिनियातल्याच चेसापीक शेरीफ ऑफिसात १९९९ मध्ये सुरू झाली: मनगटावर रेडिओ ट्रान्समीटरची पट्टी, आणि माणूस हरवला की डेप्युटी रिसीव्हर घेऊन माग काढतात. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध आणि ऑटिझम असलेली मुलं, दोघांसाठी ती मिळते. तुमच्या काउंटीत आहे का विचारा.

दुसरा प्रसंग कोणावर येऊ नये, पण येतो. आई किंवा वडील झोपेतच जातात. आपल्या मनात पहिलं येतं ते जमिनीवर घेणं, तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालणं. थांबा. आधी ९११. श्वास नाही याची खात्री नसेल तर फोनवर सांगतील तसं सीपीआर करा. मृत्यू नक्की झाल्यावर देह हलवू नका. डेप्युटी येतील, खोली पाहतील, औषधांच्या बाटल्या मागतील, काल रात्री काय झालं ते पुन्हा पुन्हा विचारतील. तुमच्यावर संशय आहे असा त्याचा अर्थ नाही, घरी झालेल्या मृत्यूची ही ठरलेली पद्धत आहे. म्हणून पाहुण्या आई-बाबांची आजारांची आणि औषधांची यादी इंग्रजीत करून ठेवा, भारतातल्या डॉक्टरांच्या नंबरासह. धार्मिक विधी करायचे आहेत हे डेप्युटीला सांगा आणि कधी करता येतील ते विचारा. व्हर्जिनियात पुढचा निर्णय मेडिकल एक्झामिनरकडे, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरकडे असतो. अलामीडा काउंटीत, म्हणजे फ्रीमॉन्ट-डब्लिनकडे, शेरीफ स्वतःच कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी असतो. देह फ्युनरल होमकडे गेला की मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती तेव्हाच मागून घ्या. दूतावास, विमान कंपनी, विमा आणि भारतातली बँक, सगळ्यांना त्या लागतात.

डिसेंबरात भारतात जाताना

बऱ्याच शेरीफ ऑफिसांकडे सुट्टीतल्या घरावर नजर ठेवण्याची सोय असते आणि ती फुकट असते. फॉर्ममध्ये जाण्या-येण्याच्या तारखा, ड्राइव्ह-वेमध्ये कोणती गाडी राहणार, किल्ली कोणाकडे, झाडांना पाणी घालायला कोण येणार, हे भरा. शेजारचा मराठी मित्र तुमच्या घरात शिरताना चोर समजला जाऊ नये, यासाठी शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. सोन्यासाठी भारतीय घरं हेरून फोडणाऱ्या टोळ्या अनेक राज्यांत पकडल्या गेल्या आहेत. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि पावती जपा. चोरी झाल्यावर "आजीच्या बांगड्या" एवढ्या वर्णनावर ना शोध लागतो, ना विमा मिळतो. परत आल्यावर दार उघडं दिसलं तर आत जाऊ नका, बाहेरूनच फोन करा.

गणपती, दिवाळी आणि ढोल-ताशा

मंडळाचा मोठा कार्यक्रम असेल तर शेरीफच्या ऑफिसशी काही आठवडे आधी बोला. कामावर नसलेले डेप्युटी तासाच्या दराने बंदोबस्ताला मिळतात. पार्किंग, मिरवणुकीचा रस्ता, मुलं हरवणं, सगळं सुकर होतं. ढोल-ताशा किती वाजेपर्यंत चालेल हे लेखी घ्या आणि आजूबाजूच्या घरांत चिठ्ठी टाका. दिवाळीला व्हर्जिनियात फटाकडे आणि रॉकेट, म्हणजे धडाडणारं आणि वर उडणारं, बेकायदा आहे. फुलबाजी आणि भुईनळे राज्याच्या कायद्यात बसतात, पण काही गावांत तेही चालत नाहीत, तेव्हा स्थानिक नियम बघून घ्या.

ओळख करून घ्या, आणि हिशेबही मागा

बऱ्याच शेरीफ ऑफिसांत नागरिकांसाठी काही आठवड्यांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग असतो. त्यात तुरुंग दाखवतात, ९११ चं केंद्र दाखवतात, थांबवलेल्या गाडीकडे डेप्युटीच्या जागी उभं राहून जायला लावतात. काही ठिकाणी गस्तीच्या गाडीतून सोबत जाता येतं, मोठ्या मुलांसाठी एक्सप्लोरर पथक असतं. ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी, टेक्सासमध्ये ऑक्टोबरच्या, नॅशनल नाइट आउट असतो. १९८४ पासूनची ही प्रथा, गल्लीगल्लीत डेप्युटी येऊन लोकांशी बोलतात. त्या संध्याकाळी आपली मंडळी वडापावाची ट्रे घेऊन उभी असावीत असं मला फार वाटतं. पुढे कधी ढोलाची तक्रार आली तर येणारा चेहरा ओळखीचा असतो.

वागणूक वाईट मिळाली तर तक्रार करा, आणि लेखी करा. तारीख, वेळ, जागा, डेप्युटीचं नाव किंवा बॅज नंबर त्याच दिवशी टिपून ठेवा. अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा असं पत्र लगेच पाठवा, कारण काही काळाने ते पुसलं जातं. तक्रार अंतर्गत चौकशी विभागाकडे जाते. तिथे समाधान झालं नाही तर वकील किंवा नागरी हक्क संघटना.

व्हर्जिनियात शेरीफची पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे. नागरिक असाल तर मतदार नोंदणी आत्ताच तपासा. नसाल तरी उमेदवारांच्या सभांना जाता येतं आणि प्रश्न विचारता येतात: दुभाषे किती भाषांत मिळतात, सीआयटी प्रशिक्षण किती डेप्युटींनी घेतलंय, २८७-जी करार आहे का, तुरुंगात शाकाहारी जेवण मिळतं का. मंडळाच्या सभागृहात दोन्ही उमेदवारांना बोलवायचं असेल तर पत्र उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवा, कारण सप्टेंबर उजाडला की त्यांच्या तारखा मिळत नाहीत.